ओच्यातलं रिव्हॉल्वर

५ जानेवारी १९७४, शनिवार. धुळे

मोठ्या साहेबांनी बोलावलं. वाटलं, पुन्हा कुठल्या तरी सभेत बायकांची रांग धरायला उभं करणार. तसं नव्हतं.

सुरत लाइनची पॅसेंजर, बायकांचा डबा. अमळनेर ते दोंडाईचा या पट्ट्यात दिवाळीपासून लूट चाललीय. नरडाण्याच्या अलीकडे गाडी मंदावते, तिथं दोघं चढतात, अंगावरचं ओरबाडतात, उतरून शेतात गडप. गेल्या आठवड्यात एका म्हातारीचा कान फाटला. अजून दवाखान्यात आहे.

साहेब म्हणाले, "त्या डब्यात पुरुष बसवता येत नाही. वर्दीतली बाई दिसली तर ते चढणार नाहीत. तुम्ही बसा, साध्या वेशात. पण रिकाम्या हातानं नको."

"म्हणजे काठी, साहेब?"

"रिव्हॉल्वर. आणि ते कुणाला दिसता कामा नये."

जिल्ह्यात महिला जमादार मी एकटीच. इतकी वर्षं हरवलेल्या पोरी शोधा, बायकांच्या झडत्या घ्या, मोर्च्यात दोर धरा. बाहेर आले. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं आणि सांगायचं नव्हतं.

७ जाने.

हत्यारखाना. बागूल जमादार तिथले मालक असल्यासारखे बसतात. हुकूम दोनदा वाचला. चष्मा पुसून परत एकदा. मग रिव्हॉल्वर टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बाई, हे लाटणं नाही."

म्हटलं, "माहीत आहे जमादार. लाटण्याला सहा घरं नसतात."

हसले नाहीत. पण शिकवायला कबूल झाले.

१० जाने.

लळिंगच्या किल्ल्याच्या पायथ्याशी सराव. मनगट सुजलंय. पहिल्या दिवशी टेकडीला लागल्या सगळ्या, नेमाच्या पाटीला एकही नाही. आज पाटी हलली. बागूल नुसतं "हं" म्हणाले. त्यांचं "हं" म्हणजे पुष्कळ.

भाकरी थापताना मनगट वळेना. ह्यांनी परात ओढून घेतली आणि स्वतः थापायला बसले. नकाशे झाले भाकरींचे. चित्रकलेचा मास्तर, तरी गोल येत नाही.

१२ जाने.

ठेवायचं कुठं, हा खरा प्रश्न. पिशवीत ठेवलं तर पिशवीच ओढून नेतील. पाचवारीत लपत नाही. शेवटी नऊवारी नेसायची ठरली, आणि ओच्याच्या आत, डाव्या बाजूला, कापडी खिसा कमरेला बांधायचा.

शिवायला सासूबाईंना सांगावंच लागलं. जुन्या धोतराचं दुहेरी कापड घेतलं त्यांनी. माप घ्यायला म्हणून वस्तू मागितली. मी गोळ्या काढून समोर ठेवली.

त्यांनी हातात घेऊन बघितली. मग म्हणाल्या, "जड शे ना वं. सरकार तुले हाई देस, आन मन्हा पोऱ्याले खडू."

हे शेजारीच बसलेले. मग आम्ही तिघंही हसत सुटलो.

१४ जाने., संक्रांत

पहिली फेरी. एस.टी.नं अमळनेर, तिथून गाडी दोंडाईच्यापर्यंत. देवरे फौजदार साध्या कपड्यात पलीकडच्या डब्यात. साखळी ओढली की ते धावत येणार, असं ठरलंय.

सगळ्या डब्यात तीळगूळ. मलाही मिळाला. ओच्यात लोखंड बाळगून "गोड बोला" म्हणताना कसंसंच झालं.

काहीच घडलं नाही.

१८ जाने.

काही नाही. पण एक गंमत. समोरची बाई मघापासून माझ्या पोटाकडे बघत होती. शेवटी विचारलंच, "कितवा शे ओ बाय?"

आधी कळेना. मग कळलं. खिशाचा फुगवटा. आता काय सांगणार?

"सहावा," म्हटलं. खोटं नाही. सहाच आहेत.

मग काय, खिडकीची जागा मिळाली. बेटावदला एक बोरं विकणारी चढली, तिनं ओंजळभर आंबट बोरं मांडीवर टाकली. पैसे घेईना. "तुन्हासाठी नही, त्यान्हासाठी," आणि बोट पोटाकडे. चंपा तिचं नाव.

आमची दोन्ही पोरं मोठी झाली. घरी सांगितलं तर हे कानापर्यंत लाल.

२३ जाने.

पौष संपला. उद्यापासून लग्नं. मोठे साहेब म्हणतात, आता येतील.

पदर अडकतो. घरी आरशासमोर सराव करते. उजवा हात, पदर मागे, ओचा, मूठ, बाहेर. पोरं शाळेतून आली की बंद. धाकट्यानं एकदा बघितलं. त्याला वाटलं, आई नाच शिकतेय.

२९ जाने.

चंपा रोज भेटते. बेटावदला चढते, नरडाण्याला उतरते. पाटीभर बोरं आणि तोंडभर गप्पा. कुणाचं लग्न, कुठला गाव, मुलीला काय घातलं, कोण कोण बरोबर आहे. सगळ्या बायका हौसेनं सांगतात. मीही ऐकत बसते.

नवरा गेलाय तिचा. दिराच्या आसऱ्याला राहते. दिराविषयी विचारलं की बोरं निवडायला लागते.

२ फेब्रु.

काल लूट झाली. माझ्या गाडीत नाही, संध्याकाळच्या. धरणगावकडची नवरी, गळा मोकळा करून गेले. कोयता होता, म्हणते ती. मला इतका संताप आला की जेवले नाही. जणू माझ्याच घरात येऊन गेले.

देवरेंना विचारलं, "ह्यांना कळतं कसं, कोणत्या गाडीत माल आहे?"

"नशीब असतं चोरांचं," म्हणाले.

नशीब नाही. कुणीतरी सांगतंय.

३ फेब्रु.

मनात एक आलंय. लिहवत नाही. बोरं आंबट होती हे खरं, पण गोडही होती.

१२ फेब्रु., मंगळवार

सगळं एकदा लिहून काढते. हात अजून गरम आहे.

अमळनेरला लग्नघरच्या दोघी चढल्या. दोंडाईच्याच्या मारवाडी शेठाणी, लांब घुंघट, सोबत लेक, परवाच लग्न झालेली. पाठवणीनंतर पहिल्यांदा माहेरी निघालेली. अंगावर सगळं तसंच. पलीकडच्या बाकावर मिरचीच्या खळ्यावर कामाला जाणाऱ्या बायका, पाचसहा जणी. त्यांच्या लुगड्यांना मिरचीचा वास, डबाभर शिंका.

बेटावदला चंपा चढली. नेहमीसारखी बडबड नाही. शेठाणींना एकच विचारलं, "लेक शे का?" मग दाराशी जाऊन उभी राहिली, डोक्याचा पदर काढून झटकला, परत घेतला. बाहेर रुळांकडेला कोणी होतं का, मला दिसलं नाही.

मग माझ्याकडे आली. पाटी खाली ठेवली आणि अगदी कानाशी, "माय, तू उठ. गाडी हालाना पहिले उतर. पुढला डबामा जाय."

"कशाला?"

"तुन्हा पोटमा शे. जाय ना वं. इचारू नको."

तिचे डोळे भरलेले होते. ती माझ्या पोटातल्या पोराला वाचवत होती. आणि मला कळलं, आज. आजच.

म्हटलं, "उठवत नाही गं. पाय सुजलेत."

ती माझ्याकडे बघत राहिली. गाडी सुटली. ती नेहमीच्या जागी बसली नाही. माझ्यासमोर, अंगाआड धरल्यासारखी बसली.

नरडाण्याच्या अलीकडे वेग उतरला. उलट्या बाजूच्या दारातून दोघं वर आले. एकाच्या हातात कोयता, दुसऱ्याकडे पोतं. दिवसाढवळ्या, दुपारच्या उन्हात. तोंडसुद्धा बांधलेलं नव्हतं. बायकांच्या डब्यात कोण काय करणार?

कोयतेवाला सरळ नवरीकडे. गळ्यातल्याला हात घातला. शेठाणी लेकीवर पडल्या आणि सोडेनात. त्यानं कोयता उचलला, शेठाणींच्या हातावर.

मी उभी राहिले. पदर मागे, ओचा, मूठ, बाहेर. पहिल्यांदाच न अडकता.

"पोलीस! कोयता टाक!"

त्यानं वळून बघितलं. माझं लुगडं बघितलं, कुंकू बघितलं. हसला. खरंच हसला. "बाई, बस खाली," म्हणाला, आणि कोयता आणखी वर नेला.

मी झाडली.

डब्यात तो आवाज केवढा! मग काहीच ऐकू येईना. बायकांची तोंडं उघडलेली, आवाज नाही. फटाक्यांचा वास. त्याच्या उजव्या खांद्याखालून रक्त आणि तो बाकावर बसलेला, अगदी बसा म्हटल्यासारखा. कोयता खाली.

दुसरा दाराकडे पळाला. मी वळेपर्यंत मिरचीवाल्या बायकांनी त्याला धरून आडवा केला होता. तिघी त्याच्यावर बसल्या. चौथीनं भाकरीच्या डब्यानं झोडपायला सुरुवात केली. कान उघडले तेव्हा पहिलं ऐकू आलं ते त्याचं, "पोलीसबाई, माले वाचाडा!"

साखळी शेठाणींनी ओढली होती. घुंघट मागे पडलेला, केस मोकळे, दोन्ही हातांनी लोंबकळून. गाडी थांबली तरी सोडत नव्हत्या. देवरे धावत आले, शिपाई आले. त्यांना करायला काही उरलंच नव्हतं, बेड्या घालण्याखेरीज.

डबाभर बोरं. चंपा कोपऱ्यात. माझ्याकडे नाही, माझ्या ओच्याकडे बघत होती. तो आता सपाट.

"तुन्हा पोटमा पोर नव्हतं?"

"नाही."

"मंग मी कोनले वाचाडत व्हतू?"

तिनं स्वतःच हात पुढे केले. कोयतेवाला तिचा दीर.

नरडाण्याच्या फलाटावर अर्धा गाव जमलेला. शेठाणींनी माझ्या गालांवरून बोटं फिरवून मोडली. मिरचीवाल्या बायका गाडीत बसेनात. एक म्हणाली, "दाखाड ना ते, एकदाव दाखाड." दाखवता येत नाही म्हटलं. मग तिनं ओच्यालाच हात लावून नमस्कार केला.

मला वाईट वाटायला हवं का? माणसाला गोळी घातली. शोधून बघते, वाईट वाटत नाही. चंपाचं वाटतं. त्याचं नाही.

१३ फेब्रु.

हत्यारखान्यात रिव्हॉल्वर परत केलं. बागूल जमादार उभे राहिले. माझ्यासाठी, बसलेले, उठून उभे. पाच गोळ्या मोजून घेतल्या.

"पहिल्याच गोळीत?"

"पहिल्याच."

"हं," म्हणाले. मग, "द्या. नळी मी साफ करतो. तुम्ही घरी जा, बाई."

तो जगेल, डॉक्टर म्हणतात. हात कामाचा राहील की नाही, सांगता येत नाही.

सासूबाईंनी भीत भीत विचारलं, खिसा फाटला का. नाही म्हटलं. इतक्या खूश झाल्या की जणू गोळी त्यांनीच घातली.

१५ फेब्रु.

पेपरात आलं. "रणरागिणी" वगैरे. नाव चुकलंय. खाली लिहिलंय: *झटापटीत बाईंच्या हातून गोळी सुटली.*

सुटली? गुरं सुटतात. पीळ सुटतो.

१६ फेब्रु.

देवरे फौजदार घरी आले. माणूस भला आहे, माझ्या बऱ्यासाठीच आले होते. चहा घेतला आणि म्हणाले, "पाटीलबाई, जबाबात तसंच राहू द्या. झटापटीत सुटली. बाईमाणसाच्या हातून सुटली म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही. झाडली म्हणालात की चौकशी. का झाडली, पायावर का नाही, ओरडून वेळ दिला का. त्यांचा वकील सोलून काढेल."

"पण झटापट झालीच नाही, साहेब. तो माझ्यापासून चार हात लांब होता."

"कोण बघायला गेलंय?"

"अख्खा डबा."

त्यांनी कप उचलला. मी म्हटलं, "बागूल जमादारांनी महिनाभर शिकवलं. मी नेम धरला. त्याच्या हाताचा धरला, आणि तिथंच लागली. सुटली म्हणू तर उद्या दुसऱ्या बाईच्या हातात कोण देईल? म्हणतील, सुटते त्यांच्याकडून."

कप खाली ठेवून उठले. जाताना म्हणाले, "लिहा मग. मी खाली सही करतो."

हे आत ऐकत होते. रात्री जेवताना म्हणाले, "सुटली लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?" घाबरलेत बिचारे. नोकरी जाईल म्हणून. मग आपणच म्हणाले, "नको. ती रेघ तुझी आहे. दुसऱ्यानं पुसायची नाही."

जबाब लिहिला. *मी गोळी झाडली.* तीन शब्द. कधी कुठल्या कागदावर लिहून इतकं बरं वाटलं नव्हतं.

२० फेब्रु., महाशिवरात्र

मोठ्या साहेबांनी वाचलं. "तुमचं वाक्य मी बदलणार नाही," म्हणाले. "पण शिंदखेड्याच्या कोर्टात उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. तोवर रिव्हॉल्वर जमा राहील."

"राहू द्या, साहेब."

मग ड्रॉवर उघडून म्हणाले, जळगावहून विचारणा आलीय. तिकडच्या दोन महिला शिपायांना असंच शिकवायचं आहे. "चौकशी सरळ गेली तर तुम्हीच शिकवा."

सायकल स्टँडपर्यंत साधी चालत आले. तिथं कोणी नव्हतं. मग थोडी उडी मारली. वर्दीत.

२४ फेब्रु.

जेलमध्ये चंपाला भेटले. उकडलेल्या शेंगा नेल्या. हात लावला नाही.

मी सांगितलं, "तू मला उतर म्हणालीस, ते मी कोर्टात सांगेन. तुला सवलत मिळेल."

एकदम उसळली. "नको सांगू! दीरले समजनं की मी तुले सांगं, तर? तो आज ना उद्या सुटी. गावमा मन्हं घर त्यान्हं शे. मी कोठे जाऊ?"

"मग शिक्षा जास्त होईल."

"होऊ दे. भाकर तं भेटी."

थोड्या वेळानं म्हणाली, "तुले काय वं. तुन्हा हातमा बंदूक व्हती. मन्हा हातमा बोरं."

दीर मारायचा. पाठ दाखवली. आधी दाखवली असतीस तर, असं म्हणणार होते. कुणाला दाखवली असती? मला? मी तर तिथं गरोदर बाई होते.

निघताना शेंगांची पुरचुंडी जवळ ओढली तिनं. एवढंच.

१ मार्च

शेठाणी माणसाबरोबर धुळ्याला आल्या. साडी आणली, घेतली नाही. नियम. मग म्हणाल्या, लेक सासरी परत गेली. एकटी गेली, बायकांच्या डब्यातून, हट्टानं. "म्हणाली, मा, तिथं कोणीही बसलेली असू शकते."

बारा तारखेनंतर त्या लाइनवर काही घडलेलं नाही. मिरचीवाल्या बायका आता नवं कोणी चढलं की म्हणे आधी तिचा ओचा बघतात.

८ मार्च, होळी

पुरणपोळ्या. बागूल जमादारांना बोलावलं. पहिल्यांदाच घरी आले. सासूबाईंनी त्यांना विचारलं, माझा हात कसा आहे. म्हणाले, "हात बरा आहे. तोंड जास्त चालतं." सासूबाई म्हणाल्या, "ते तं बठ्ठा गावले माहीत शे."

कोर्टात वकील काय विचारेल, ते जमादारांनी वकील होऊन विचारलं. मी उत्तरं दिली. एका प्रश्नावर अडले. "बाई, गाडीत धोका आहे हे तुम्हाला आधी कळलं होतं का? कसं?"

खरं सांगायचं तर चंपा. नाही सांगितलं तर शपथेवर खोटं.

जमादार म्हणाले, "ह्याला माझ्याकडे नेम नाही."

१२ मार्च, मंगळवार. शिंदखेडा

कोर्टाच्या ओसरीवर लिहितेय. कडुलिंबाला नवी पालवी. वर्दीत आलेय, इस्त्रीची. कमर इतकी हलकी वाटते की तोल जाईलसं वाटतं.

हे आलेत. रजा काढून. समोर उभे आहेत, बघून न बघितल्यासारखे. मिरचीवाल्या दोघी आल्यात. शेठाणींना साक्षीला बोलावलंय. मारवाड्याच्या घरची बाई कोर्टात कशी उभी राहील म्हणून घरी कटकट झाली म्हणे, तरी आल्यात. घुंघट आहे, पण कोयता किती वर होता ते हात उंचावून सगळ्यांना दाखवतायत.

देवरे येऊन सांगून गेले. दिराचा वकील बदललाय. नवीन कडक आहे. येऊ दे. झाडली हा शब्द मी कुठंही, कितीदाही म्हणेन. त्याची धास्ती नाही. उलट विचारावंच, असं वाटतंय.

दीर आला. हात गळ्यात बांधलेला. माझ्याकडे बघून या वेळी हसला नाही.

चंपाला आणलं. ओसरीच्या त्या टोकाला बसवलं, मधे दीर. सगळी ओसरी पाहत होती, म्हणून मी बोलले नाही. नुसतं बघितलं. ते उतर म्हणालेलं सांगू का? डोळ्यांनीच विचारलं.

तिनं दिराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मान हलली. हो की नको, कळलं नाही मला.

पुकारा झाला. माझंच नाव.